आंदोलक संकालन

एका आंदोलकाच्या प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी दुसऱ्या आंदोलकास त्याचे चालू आवर्तन असेल तेथे तोडून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयास लावणे, या क्रियेस आंदोलकांचे दृढ संकालन म्हणतात. आंदोलक म्हणजे ठराविक कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येचा) आवर्ती संकेत निर्माण करणारे विद्युत् मंडल होय. वादकांच्या व तंत्रज्ञांच्या बोलीत ही क्रिया ‘हार्ड सिंक’ या नावाने ओळखली जाते. ज्या आंदोलकाची आज्ञा चालते त्यास नियंत्रक आंदोलक व ज्यास ती पाळावी लागते त्यास अनुवर्ती आंदोलक अशा संज्ञा प्रस्तुत नोंदीत वापरल्या आहेत. ॲनॅलॉग म्हणजेच सदृश पद्धतीच्या सिंथेसायझरांत ही योजना १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली व तिच्यापासून मिळणारा धारदार, काहीसा स्वरवर्णांच्या उच्चाराची आठवण करून देणारा नाद पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात परिचयाचा झाला. तथापि संकालनाचा इतिहास या वाद्यांपेक्षा पुष्कळ जुना आहे. घड्याळे, बिनतारी संदेशवहन, ऋण किरण दोलनदर्शक व दूरचित्रवाणी या क्षेत्रांत जी युक्ती आंदोलकांना शिस्त लावण्यासाठी वापरली गेली, तीच संगीतात नवा नाद निर्माण करण्यास उपयोगी पडली, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

तत्त्व : सदृश सिंथेसायझरातील आंदोलकाचा एक सामान्य प्रकार करवतदंती तरंग निर्माण करतो. त्याच्या केंद्रस्थानी एक धारित्र असते. स्थिर विद्युत् प्रवाहाने हे धारित्र भारित होत असता त्यावरील विद्युत् दाब एकसारख्या गतीने वाढत जातो. तो ठराविक मर्यादेस पोहोचला की, तुलनाकारक मंडल एका ट्रँझिस्टरास चालू करते, ट्रँझिस्टरामधून धारित्र क्षणार्धात रिकामे होते व पुढील आवर्तन सुरू होते. उदा., १ नॅनोफॅराड धारणेच्या धारित्रास ५ मायक्रोअँपिअर प्रवाहाने भारित केल्यास ५ व्होल्ट दाब होण्यास १ मिलिसेकंद लागतो. म्हणून अशा आंदोलकाची कंप्रता दर सेकंदास १,००० आवर्तने (१,००० हर्ट्‌झ) येते. प्रवाह दुप्पट केला की, कंप्रता दुप्पट होते व स्वर एक सप्तक वर चढतो.

संकालनासाठी या मंडलात फारच थोडी भर घालावी लागते. नियंत्रक आंदोलकाच्या तरंगाची तीव्र कडा लहान धारित्र व रोधक यांच्या जोडीमधून नेली म्हणजे तिचे अल्पकालिक स्पंदात रूपांतर होते. उलट दिशेचा स्पंद डायोडाने अडविला जातो व उरलेला स्पंद अनुवर्ती आंदोलकातील धारित्र रिकामे करणाऱ्या ट्रँझिस्टराकडे पोहोचविला जातो. यामुळे त्या धारित्रावरील दाब मर्यादेस पोहोचलेला असो वा नसो, ते रिकामे होते. म्हणजे मूळ आंदोलकात जी क्रिया अंतर्गत कारणाने घडते, तीच येथे बाह्य आज्ञेनेही घडविली जाते.

नियंत्रक आंदोलकाची कंप्रता १०० हर्ट्‌झ व अनुवर्ती आंदोलकाची २५० हर्ट्‌झ असल्यास अनुवर्ती आंदोलक दोन आवर्तने पूर्ण करतो व तिसरे अर्धे झाले असतानाच त्यास आरंभस्थानी परतावे लागते. हा अडीच दात्यांचा आकृतिबंध दर सेकंदास १०० वेळा घडतो. त्यामुळे ऐकू येणाऱ्या नादाची तारता (उच्चनीचता) १०० हर्ट्‌झची, म्हणजे नियंत्रकाची राहते. २५० हर्ट्‌झचा वेगळा स्वर ऐकू येत नाही. मात्र १०० हर्ट्‌झच्या पूर्ण पटीत असणाऱ्या संनादी घटकांपैकी २५० हर्ट्‌झच्या आसपासचे, म्हणजे २०० व ३०० हर्ट्‌झचे घटक, प्रबळ होतात. अनुवर्ती आंदोलकाची कंप्रता हळूहळू वाढवीत नेल्यास स्वर न बदलता हे प्राबल्य वरवरच्या घटकांकडे सरकत जाते. आ, ए, ई यांसारख्या स्वरवर्णांतील भेदही मुखविवरामुळे कोणत्या कंप्रतापट्ट्यांस प्राबल्य मिळते यावरच अवलंबून असल्यामुळे संकालित नाद उच्चारासारखा भासतो. तंबोऱ्याच्या जवारीमुळे एकाच तारेच्या नादात वेगवेगळे संनादी स्वर क्रमाने उठून दिसतात. दोहोंची कारणे भिन्न असली, तरी श्रोत्यास येणारा अनुभव काही अंशी सारखा आहे.

दोन विशेष परिस्थिती लक्षात घेण्यासारख्या आहेत. अनुवर्ती आंदोलकाची कंप्रता नियंत्रकाच्या नेमकी दुप्पट वा तिप्पट झाली, तर प्रत्येक आवर्तन पूर्ण होण्याच्या क्षणीच आज्ञा येते, तोडण्यासारखे काही उरत नाही आणि अनुवर्ती आंदोलकाचा स्वतःचा वरचा स्वर ऐकू येतो. याउलट त्याची कंप्रता नियंत्रकापेक्षा कमी असेल, तर त्याचे एकही आवर्तन कधी पूर्ण होत नाही. नियंत्रकाच्याच कंप्रतेचा पण कमी उंचीचा करवतदंती तरंग तेवढा मिळतो. म्हणून संकालनाचा खरा उपयोग अनुवर्ती आंदोलक वरच्या कंप्रतेवर ठेवून ती सतत हलती ठेवण्यात आहे.

मृदू संकालन : या प्रकारात नियंत्रकाचा स्पंद धारित्र सरळ रिकामे करीत नाही, तो फक्त तुलनाकारकाची मर्यादा क्षणभर खाली आणतो. अनुवर्ती आंदोलकाचे आवर्तन पूर्ण होत आलेले असेल, तरच ते थोडे आधी संपते. एरवी स्पंदाचा परिणाम होत नाही. याचा परिणाम म्हणून अनुवर्ती आंदोलक नियंत्रकाशी २ : १, ३ : १, ३ : २ अशा जवळच्या साध्या गुणोत्तरास जाऊन चिकटतो व तेथे स्थिर राहतो. दृढ संकालन नादाची जात बदलते, तर मृदू संकालन मुख्यतः सुरेलपणा राखते. ऐतिहासिक दृष्ट्या मृदू संकालन हे मूळ रूप व दृढ संकालन हे त्याचे टोकास नेलेले रूप होय.

संगीतपूर्व इतिहास : संकालनाचे पहिले सुप्रसिद्ध निरीक्षण डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६६५ मध्ये नोंदविले. एकाच आधारावर टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांचे लंबक काही वेळाने परस्परांविरुद्ध दिशांनी पण अगदी बरोबरीने हलू लागतात व त्यांत अडथळा आणला, तरी थोड्याच वेळात ते पुन्हा त्याच स्थितीत येतात, असे त्यांना आढळले. समाईक आधारामधून पोहोचणारी अतिसूक्ष्म हालचाल याचे कारण होते. दुर्बल संबंधही दोन आंदोलकांना एका लयीत आणण्यास पुरेसा होतो, हा या निरीक्षणाचा आशय पुढे विद्युत् आंदोलकांनाही लागू पडला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आंरी आब्राआम व यूजीन ब्लॉक यांनी दोन इलेक्ट्रॉन नलिकांचे एक आंदोलक मंडल तयार केले व १९१९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या संकेतात संनादी घटक विपुल असल्यामुळे त्यांनी त्यास ‘मल्टिव्हायब्रेटर’ असे नाव दिले. त्याचा हेतू बिनतारी तरंगांच्या कंप्रता मोजण्याचा होता. परंतु बाहेरून स्पंद दिल्यास हे मंडल सहज संकालित होते हेही दिसून आले. इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२२ मध्ये नलिका आंदोलकांच्या स्वयंचलित संकालनाचे विवेचन केले. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे बाल्थाझार व्हान डर पोल (१८८९–१९५९) यांनी १९२६ मध्ये, सावकाश भारित होऊन एकदम रिकाम्या होणाऱ्या मंडलांच्या आंदोलनांची गणिती उपपत्ती मांडली. करवतदंती आंदोलक याच जातीचा आहे.

पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, व्हान डर पोल व व्हान डर मार्क यांनी निऑन दिव्याच्या एका आंदोलकास बाहेरून स्थिर कंप्रतेचा संकेत दिला आणि धारित्राची धारणा क्रमाने वाढवीत नेली. आंदोलकाची कंप्रता सलगपणे उतरण्याऐवजी बाह्य कंप्रतेच्या १/२, १/३, १/४ अशा पायऱ्यांनी उतरली. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यापूर्वी दूरध्वनीच्या श्रवणीत पुष्कळदा अनियमित खरखर ऐकू येई, अशीही नोंद त्यांनी केली. कंप्रता-विभाजन हा मुख्य विषय असल्यामुळे त्यांनी ही खरखर गौण मानली. अनेक दशकांनंतर अनियत गतीच्या अभ्यासकांनी तिच्याकडे आवर्जून लक्ष वेधले. संगीताच्या दृष्टीने पाहता, संकालन व त्याच्या सीमेवरील बेबंद नाद या दोन्ही गोष्टी त्या प्रयोगात एकत्र ऐकल्या गेल्या होत्या.

अभियांत्रिकीत मात्र संकालनाचा उपयोग सुव्यवस्थेसाठीच झाला. ऋण किरण दोलनदर्शकाच्या पडद्यावर तरंगाचे चित्र स्थिर दिसावे म्हणून इलेक्ट्रॉन शलाका आडवी नेणारा करवतदंती आंदोलक मापावयाच्या संकेताशी संकालित करीत. चित्रनलिका असलेल्या दूरचित्रवाणी संचात दोन करवतदंती आंदोलक असत. भारतातही वापरल्या गेलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत त्यांच्या कंप्रता १५,६२५ हर्ट्‌झ व ५० हर्ट्‌झ होत्या. प्रक्षेपण केंद्राकडून चित्राबरोबर येणारे स्पंद या आंदोलकांना वेळच्या वेळी आरंभस्थानी आणीत. हे संकालन सुटले की, चित्र तिरपे फाटे किंवा वरखाली सरकू लागे, हा अनुभव त्या पिढीतील प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. सिंथेसायझराचे मंडल रचणारे अभियंते याच तंत्रविद्येच्या वातावरणात तयार झाले होते. यामुळे दृढ संकालनाच्या शोधाचे श्रेय एका व्यक्तीस देणे योग्य ठरत नाही. युक्ती सर्वज्ञात होती, तिचा उपयोग नवा होता.

आरंभीची इलेक्ट्रॉनीय वाद्ये : बर्लिन येथे फ्रीड्रिख ट्राउटव्हाइन (१८८८–१९५६) यांनी १९३० मध्ये तयार केलेल्या ट्राउटोनियम या वाद्यात वायुभरित दिव्याच्या आंदोलकाचा करवतदंतासारखा संकेत वापरलेला होता व त्यातील निवडक कंप्रतापट्ट्यांना छानक मंडलांच्या साहाय्याने प्राबल्य देण्यात येई. त्यांचे सहकारी ओस्कार झाला (१९१०–२००२) यांनी या वाद्याचा विकास करून मूळ स्वराचे पूर्णांकांनी विभाजन करणारी मंडले त्यात बसविली. त्यामुळे एका स्वराबरोबर त्याच्या १/२, १/३, १/४ इ. कंप्रतांचे खालचे स्वर नेमके जुळून मिळत. व्हान डर पोल यांच्या प्रयोगातील पायऱ्या येथे वाद्याच्या स्वररचनेचा पाया बनल्या. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६३ मधील द बर्ड्‌स या चित्रपटातील पक्ष्यांचे आवाज निर्माण करण्यासाठी हेच वाद्य वापरण्यात आले.

अमेरिकेत १९३९ मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड कंपनीच्या नोव्हाकॉर्ड या वाद्यात १६३ इलेक्ट्रॉन नलिका होत्या. सर्वांत वरच्या सप्तकातील १२ स्वरांसाठी १२ आंदोलक असून खालच्या सर्व सप्तकांचे स्वर त्यांच्यापासून विभाजनाने मिळत. नंतरच्या अनेक इलेक्ट्रॉनीय ऑर्गनांतही हीच पद्धत वेगवेगळ्या मंडलांच्या साहाय्याने अनुसरली गेली. फक्त १२ आंदोलक जुळविले की संपूर्ण वाद्य सुरात येते, हा तिचा व्यावहारिक लाभ होता. या सर्व वाद्यांत वरचा आंदोलक खालच्यांना स्वरात ठेवी. अनुवर्ती मंडलाची कंप्रता मुद्दाम हलविण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

सिंथेसायझरातील प्रवेश : ही स्थिती विद्युत् दाबाने नियंत्रित होणाऱ्या आंदोलकांमुळे पालटली. रॉबर्ट मूग (१९३४–२००५) यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये अशा घटकांचे पहिले संच तयार केले. दाब १ व्होल्टने वाढविला की स्वर एक सप्तक चढतो, हे प्रमाण त्यांच्यामुळे रूढ झाले. आता कंप्रता ही हाताने लावून ठेवावयाची राशी न राहता दुसऱ्या कोणत्याही मंडलाने क्षणोक्षणी बदलता येणारी राशी झाली. अनुवर्ती आंदोलकास, पट्टी दाबताच वाढून मग ठराविक गतीने उतरणारा दाब दिला, तर प्रत्येक स्वराच्या आघाताबरोबर नादाची जात झपाट्याने बदलते आणि तारता मात्र जागची हलत नाही. जुन्या संकालनास हे नवे नियंत्रण मिळाल्यावरच संकालित नादाचा परिचित प्रकार शक्य झाला.

मूग यांच्या पहिल्या ९०१ मालिकेतील आंदोलकांत संकालनाची सोय नव्हती. १९७० नंतर आलेल्या ९२१ मालिकेत दृढ व मृदू असे दोन्ही प्रकार निवडण्याची सोय करण्यात आली. विशेष म्हणजे याच कंपनीच्या अतिशय लोकप्रिय झालेल्या मिनिमूग या वाद्यात संकालन नव्हते आणि अनेक वादकांनी नंतर तंत्रज्ञांकडून ते बसवून घेतले. ॲलन पर्लमन (१९२५–२०१९) यांच्या एआरपी कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या ओडिसी या सुटसुटीत वाद्यात दुसऱ्या आंदोलकास पहिल्याशी संकालित करणारा स्विच पुढच्या फलकावरच बसविलेला होता. टॉम ओबरहाइम यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या घटक सिंथेसायझरातही ही सोय होती. तारांच्या जोडण्या न करता एका स्विचाने संकालन मिळू लागल्यामुळे ते प्रयोगशाळेतून रंगमंचावर आले. तीव्र, विकृत केलेल्या विद्युत् गिटारच्या नादाशी बरोबरी करू पाहणाऱ्या वादकांना ते विशेष उपयुक्त वाटले.

डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) यांच्या सीक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीने १९७८ मध्ये प्रॉफेट-५ हे वाद्य आणले. त्यात एका वेळी पाच स्वर वाजविता येत, प्रत्येक स्वरास दोन आंदोलक असत आणि सूक्ष्मप्रक्रियकाच्या साहाय्याने फलकावरील ४० मांडण्या स्मृतीत साठविता येत. पहिला आंदोलक दुसऱ्याशी संकालित करून त्याच्या कंप्रतेस छानकाच्या नियंत्रक दाबाने हलविण्याची व्यवस्था या वाद्यात अंगभूत होती. द कार्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९७९ मधील ‘लेट्स गो’ या गीतातील मुख्य स्वरावली या वाद्याच्या संकालित नादाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. जपानी कंपन्यांनीही ही सोय स्वीकारली. रोलंड कंपनीचे ज्युपिटर-८ व कॉर्ग कंपनीचे मोनो/पॉली ही १९८१ मधील वाद्ये त्याची उदाहरणे होत.

भारतात अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मांडणाऱ्या ध्वनिमुद्रिकेत ज्युपिटर-८ हे वाद्य होते. ही ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी लक्षात घेतली गेली नाही. २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर ती जगभर चर्चेचा विषय झाली.

मंडलरचनेतील प्रश्न : धारित्र रिकामे होण्यास अल्प का होईना, वेळ लागतो. तो १ मायक्रोसेकंद धरला, तर १,००० हर्ट्‌झला ०·१ टक्का व १०,००० हर्ट्‌झला १ टक्का इतकी चूक होते. दुसरी चूक अर्धस्वराच्या सु. एकषष्ठांशाएवढी असून ती जाणत्या कानास सहज कळते. ही चूक भरून काढण्यासाठी धारित्राबरोबर एकसरीत लहान रोधक घालणे यासारखे उपाय योजतात. संकालनाचा स्पंद फार अल्पकालिक असल्यास धारित्र पूर्णपणे रिकामे होत नाही आणि नाद खरखरीत व अनियमित होतो. तो फार लांबल्यास पुढील आवर्तनास उशीर होतो. त्रिकोणी तरंग निर्माण करणाऱ्या आंदोलकात आणखी एक अडचण असते. त्यात दाब चढतो व उतरतोही. म्हणून धारित्र रिकामे करण्याबरोबरच त्याची दिशाही निश्चित करावी लागते. काही मंडलांत धारित्र रिकामे न करता फक्त दिशा उलटविली जाते. त्यात उंच कडा नसल्यामुळे मिळणारा नाद अधिक सौम्य असतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न अनाहूत संकालनाचा आहे. दोन आंदोलक जवळजवळ एका स्वरात लावले असता त्यांच्या मिश्रणात विस्पंद (तीव्रता सावकाश कमीजास्त होण्याची क्रिया) निर्माण होतात व नादास भरदारपणा येतो. परंतु दोन्ही आंदोलकांना एकाच स्रोतापासून वीजपुरवठा होत असल्यास एकाचे धारित्र रिकामे होताना बसणारा सूक्ष्म धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, दोघे एकमेकांस चिकटतात व विस्पंद थांबतात. हायगेन्झ यांच्या घड्याळांचा समाईक आधार तो हाच. यामुळे रचनाकारास एकाच पेटीत परस्परविरोधी दोन कामे करावी लागतात : स्विच बंद असता आंदोलकांचा परस्परसंबंध पूर्णपणे तोडणे आणि स्विच चालू असता तो निःसंदिग्धपणे जोडणे. एखाद्या वाद्याच्या मंडलरचनेचा दर्जा पुष्कळ अंशी याच कसोटीवर ठरतो.

सु. १९८० मध्ये डग कर्टिस (मृ. २००७) यांच्या कंपनीने सीईएम ३३४० हे संकलित मंडल उपलब्ध केले. दाब-नियंत्रित आंदोलकाचे जवळजवळ सर्व भाग एकाच सिलिकॉन चकतीवर आणून त्यात तापमानामुळे होणारा स्वरबदल भरून काढण्याची व्यवस्था केलेली होती. दृढ व मृदू संकालनासाठी स्वतंत्र टोकेही होती. प्रॉफेट-५ च्या नंतरच्या आवृत्तीत व ओबरहाइम यांच्या ओबी-एक्सए या वाद्यात हे मंडल वापरले गेले. पूर्वी ज्यासाठी सुटे ट्रँझिस्टर निवडून जुळवावे लागत, ते काम आता एका घटकात सामावले.

अंकीय काळ : यामाहा कंपनीच्या १९८३ मधील डीएक्स-७ या अंकीय वाद्याच्या यशानंतर सदृश सिंथेसायझरांचे उत्पादन झपाट्याने घटले. तथापि संकालनाची कल्पना अंकीय मंडलांतही टिकून राहिली. बॉब यॅनेस यांनी रचलेल्या व १९८२ मध्ये कमोडोर-६४ या घरगुती संगणकात आलेल्या ध्वनिमंडलात तीन अंकीय आंदोलक होते. प्रत्येकाची गणकसंख्या दर सेकंदास सु. १० लाख वेळा वाढविली जाई आणि एका आंदोलकाच्या आज्ञेने दुसऱ्याची गणकसंख्या शून्यावर आणता येई. धारित्र रिकामे करण्याऐवजी येथे केवळ एक संख्या पुसली जात होती. कॅसिओ कंपनीच्या सीझेड मालिकेत, १९८४ च्या सुमारास, संकालित ज्या-तरंगास प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस शून्यापर्यंत क्षीण करून तुटलेली कडा टाळण्यात आली व छानकासारखा नाद मिळविण्यात आला.

१९९५ च्या सुमारास संगणकीय प्रक्रियेने सदृश वाद्यांची प्रतिकृती करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा मात्र संकालन हाच सर्वांत अवघड भाग ठरला. अंकीय पद्धतीत संकेताची मूल्ये ठराविक क्षणीच घेतली जातात. हे प्रमाण दर सेकंदास ४४,१०० असेल, तर २२,०५० हर्ट्‌झपर्यंतचेच घटक यथार्थपणे दाखविता येतात; २५,००० हर्ट्‌झचा घटक १९,१०० हर्ट्‌झचा म्हणून खोट्या रूपात प्रकट होतो. तुटलेल्या तरंगाच्या उभ्या कडेत अशा उच्च घटकांची गर्दी असते. शिवाय तोडण्याचा क्षण बहुधा दोन नमुन्यांच्या मध्ये कोठेतरी पडतो. स्वर वर चढत असता हे खोटे घटक खाली उतरताना ऐकू येतात व नाद बेसूर होतो. टिम स्टिल्सन व ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये करवतदंती इ. तरंग या दोषाशिवाय निर्माण करण्याची रीत मांडली. एली ब्रँट यांनी २००१ मध्ये, कोणत्याही क्षणी येणाऱ्या कडेच्या जागी पूर्वीच तयार ठेवलेली मर्यादित कंप्रतेची कडा मिसळण्याची पद्धत सुचविली व तिचा उपयोग दृढ संकालनासाठी करून दाखविला. एका ट्रँझिस्टराने व एका लहान धारित्राने जे साधत होते, त्याच्या यथार्थ अनुकरणास असे गणित लागावे, हे उद्‌बोधक आहे. सदृश मंडलात कडा कधीच संपूर्ण उभी नसते, कारण धारित्रास रिकामे होण्यास वेळ लागतोच. ज्यास अभियंते दोष समजत होते, तीच मर्यादा नादास सुसह्य ठेवीत होती.

ऐतिहासिक महत्त्व : संकालनाच्या इतिहासात एकाच घटनेचे मूल्य तीनदा बदललेले दिसते. हायगेन्झ यांना ते कुतूहलाचा विषय वाटले. रेडिओ व दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी त्यास व्यवस्थेचे साधन बनविले. वादकांनी त्याच व्यवस्थेतील सक्तीचा, म्हणजे पूर्ण होऊ न दिलेल्या आवर्तनाचा, नाद म्हणून स्वीकार केला. वाद्यांच्या इतिहासात असे पुनःपुन्हा घडते. साधनातील ज्या गुणधर्माकडे निर्माता गौण वा त्रासदायक म्हणून पाहतो, त्याचे कलात्मक मोल पुष्कळदा वापरणाऱ्यास प्रथम उमगते. मात्र अशा उपयोगाची नोंद मंडलांच्या आराखड्यांत आढळत नाही. ती ध्वनिमुद्रणांत व चालू स्थितीत राखलेल्या वाद्यांत असते. म्हणून जुन्या सिंथेसायझरांचे व त्यांत लागणाऱ्या संकलित मंडलांचे जतन हे या इतिहासाच्या जतनाचाच भाग ठरते. दीर्घकाळ दुर्मिळ झालेले सीईएम ३३४० हे मंडल २०१६ मध्ये पुन्हा उत्पादनात आले आणि प्रॉफेट-५ ची नवी आवृत्ती २०२० मध्ये निघाली. त्यामुळे अनेक जुनी वाद्ये दुरुस्त होऊ शकली व संकालित नादाचे मूळ रूप नव्या वादकांना प्रत्यक्ष अभ्यासता येऊ लागले.